स्ट्रॅटेजी गेमसाठी स्वतःचा नकाशा-एडिटर कसा लिहावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आवडत्या स्ट्रॅटेजी गेमचा अधिकृत एडिटर अपुरा पडतो, नव्या संगणकावर चालत नाही किंवा मुळातच नसतो, तेव्हा आपणच एक लिहावा असे अनेक चाहत्यांच्या मनात येते. मी असा एक एडिटर लिहिला आहे. पहिल्या प्रयत्नात मी खिडक्या, बटणे आणि ब्रश यांपासून सुरुवात केली आणि चार महिन्यांनंतर माझ्या लक्षात आले की माझ्या एडिटरने सेव्ह केलेला नकाशा गेम उघडतच नाही. सगळे काम बाजूला ठेवून पुन्हा फाइलपासून सुरुवात करावी लागली. पुढील पायऱ्यांचा क्रम त्या अनुभवातून ठरलेला आहे: आधी फाइल, मग चित्र आणि त्यानंतर ब्रश.

एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करा. नकाशा करणारा माणूस आपली अनेक रात्रींची मेहनत तुमच्या प्रोग्रॅमच्या हवाली करत असतो. त्याच्या फाइलीतील जे तुम्हाला समजले आहे तेवढेच नव्हे, तर जे समजलेले नाही तेही जसेच्या तसे परत करणे ही एडिटरची पहिली जबाबदारी आहे. या लेखातील बहुतेक इशारे याच एका मुद्द्याशी येऊन पोहोचतात.

१. गेम निवडा आणि परवानग्या तपासा

पहिल्याच एडिटरसाठी शक्यतो असा गेम घ्या, ज्याची नकाशा-फाइल साध्या मजकुराची आहे किंवा ज्याचा सोर्स कोड खुला आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’मध्ये नकाशाचे प्रत्येक षटकोनी घर म्हणजे स्वल्पविरामाने वेगळा केलेला एक छोटा अक्षरसंकेत असतो, साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही तो वाचता येतो. ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतील ‘टायबेरियन डॉन’ आणि ‘रेड अलर्ट’ यांचा कोड, नकाशा-एडिटरसह, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला केला. असा कोड हाताशी असला की महिन्यांचे अंदाज वाचतात. मात्र त्यातील भाग तुम्ही आपल्या एडिटरमध्ये घेतलात, तर तुमच्या एडिटरलाही त्या परवान्याच्या अटी लागू होतात.

बंद सोर्सच्या गेमसाठी काम करायचे असेल, तर वापरकर्ता-करार पूर्ण वाचा. चाहत्यांनी केलेल्या साधनांविषयी काही कंपन्या उदार असतात, काही नसतात, आणि फाइलची रचना उलगडून पाहण्याविषयीचे कायदेही देशागणिक वेगळे आहेत. दोन पथ्ये मात्र सर्वत्र पाळा. गेममधील चित्रे, आवाज आणि माहिती-फाइली एडिटरसोबत वाटू नका. त्या वापरकर्त्याच्या संगणकावर आधीच असलेल्या गेममधून वाचा. आणि एडिटरच्या नावात किंवा चिन्हात तो अधिकृत असल्याचा भास होऊ देऊ नका.

२. साहित्य जमवा

कामाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

- गेमची स्वतःची, कायदेशीर प्रत. शक्य असल्यास तिच्या विस्तारांसह.
- फाइलमधील प्रत्येक बाइट दाखवणारा हेक्स एडिटर आणि दोन फाइलींतील फरक दाखवणारे साधन.
- गिटसारखी आवृत्ती-नोंद ठेवणारी प्रणाली.
- जमतील तितके जुने-नवे नकाशे: मूळ गेमसोबतचे, चाहत्यांचे, सर्वांत लहान, सर्वांत मोठे, वेगवेगळ्या भाषांतील.
- फाइलच्या रचनेविषयी तुम्ही स्वतः लिहीत जाल अशी एक वही किंवा मजकूर-फाइल.

प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती, यावर फार वेळ घालवू नका. तुम्हाला चांगली येते ती भाषा घ्या. नकाशा वाचण्या-लिहिण्याचा भाग मात्र पडद्यावरील भागापासून पूर्णपणे वेगळा ठेवा, म्हणजे एकही खिडकी न उघडता त्याची चाचणी घेता येईल.

३. फाइलची रचना उलगडा

अधिकृत एडिटर उपलब्ध असेल, तर सर्वांत लहान आकाराचा रिकामा नकाशा सेव्ह करा. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात फक्त एक युनिट ठेवा आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करा. दोन्ही फाइलींची तुलना केली की त्या युनिटची नोंद कुठे आहे ते दिसते. मग तेच युनिट एक घर उजवीकडे सरकवा आणि पुन्हा तुलना करा. एका वेळी एकच बदल, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नका. दोन बदल एकत्र केले की कोणता बाइट कशामुळे बदलला हे सांगता येत नाही.

येथे पहिला सापळा आहे. फाइल कॉम्प्रेस केलेली असेल, तर एका युनिटच्या बदलाने जवळजवळ सगळे बाइट बदललेले दिसतात आणि तुलना निरुपयोगी ठरते. म्हणून आधी सुरुवातीचे बाइट पाहा. ३१ आणि १३९ अशी सुरुवात असेल तर फाइल जीझिप प्रकारची आहे. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’चे नकाशे असेच असतात. ८० आणि ७५ असेल तर ती झिप आहे. स्टारक्राफ्टचा नकाशा म्हणजे एमपीक्यू नावाचे गाठोडे असते आणि खरा नकाशा त्याच्या आत एका वेगळ्या फाइलमध्ये असतो. आधी गाठोडे सोडवा, मग तुलना करा.

स्टारक्राफ्टच्या त्या आतल्या फाइलची रचना नवख्याला शिकण्यासाठी उत्तम आहे. ती विभागांची माळ असते: प्रत्येक विभागाला चार अक्षरांचे नाव, त्यानंतर चार बाइटांत लांबी आणि त्यानंतर तेवढ्या लांबीची माहिती. रुंदी-उंची सांगणाऱ्या विभागाच्या नावात तीनच अक्षरे आहेत आणि चौथी जागा रिकामी आहे. वाचताना नावाच्या टोकाची ती रिकामी जागा कापून टाकणारा कोड लिहिलात आणि शोधताना चार अक्षरांचे नाव शोधलेत, तर तो विभाग फाइलमध्ये असूनही सापडत नाही. शिवाय भूभागाची नोंद दोन ठिकाणी असते: एक विभाग गेम वाचतो आणि दुसरा अधिकृत एडिटरच्या उपयोगाचा असतो. एकच अद्ययावत केलात, तर एडिटरमध्ये एक नकाशा दिसतो आणि खेळताना दुसराच.

दुसरा सापळा बाइटांच्या क्रमाचा. वैयक्तिक संगणकांसाठीच्या बहुतेक जुन्या गेममध्ये दोन बाइटांच्या संख्येतील लहान भाग आधी लिहिलेला असतो. १२८ ही रुंदी ‘१२८, ०’ अशी साठवलेली असते. तीच उलट क्रमाने वाचली तर ३२७६८ मिळते. इतकी अवाढव्य संख्या दिसली की चूक लगेच कळते. शून्याची जोडी मात्र दोन्ही क्रमांनी शून्यच राहते, म्हणून रिकाम्या नकाशावर ही चूक लपून राहते. चाचणीसाठी शून्याव्यतिरिक्तची, एकमेकांपेक्षा वेगळी मूल्ये वापरा. रुंदी आणि उंचीसुद्धा असमान ठेवा.

आपले आकलन बरोबर आहे का, हे गणिताने पडताळता येते. ‘हीरोज ३’मध्ये भूभागाच्या प्रत्येक घराला सात बाइट लागतात: भूमीचा प्रकार व तिचे चित्र, नदीचा प्रकार व दिशा, रस्त्याचा प्रकार व दिशा, आणि शेवटी चित्र उलटे करण्याच्या खुणा. १४४ × १४४ घरांच्या नकाशाचा एक स्तर म्हणजे १,४५,१५२ बाइट आणि भुयारी स्तर असल्यास एकूण २,९०,३०४ बाइट. तेवढे बाइट ओलांडल्यावर पुढची नोंद अपेक्षित जागी सापडली नाही, तर आधीच्या वाचनात कुठेतरी एखादे क्षेत्र चुकले आहे. हिशेब जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच गेममध्ये फाइलच्या आरंभीची संख्या आवृत्ती सांगते: मूळ गेमसाठी १४, पहिल्या विस्तारासाठी २१ आणि दुसऱ्यासाठी २८. आवृत्तीप्रमाणे पुढील रचना बदलते. तुमच्या गेममध्येही अशी संख्या असेल तर ती आधी वाचा आणि अनोळखी आवृत्ती आढळल्यास अंदाजाने पुढे न जाता तसे स्पष्टपणे सांगून थांबा.

४. न बदलता वाचा आणि न बदलता लिहा

संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाची चाचणी हीच आहे. जमवलेल्या प्रत्येक नकाशाला वाचा, काहीही न बदलता लिहा आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहा. एका बाइटचाही फरक पडला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत ब्रशच्या कामाला हात लावू नका. कॉम्प्रेस केलेल्या फाइलींची तुलना मात्र उलगडल्यानंतर करायची, कारण कॉम्प्रेस करणारी दोन साधने एकाच मजकुराचे वेगवेगळे बाइट तयार करू शकतात आणि जीझिपच्या शीर्षकात वेळेची नोंदही असू शकते.

ही चाचणी पार पडण्यासाठी अनोळखी विभाग त्यांच्या मूळ क्रमाने आणि मूळ बाइटांसह सांभाळून ठेवावे लागतात. ‘हा विभाग कशाचा ते कळत नाही, म्हणून वगळू’ हा विचार अनेक एडिटरांच्या बदनामीचे मूळ आहे. राखीव म्हणून शून्य भरलेली दिसणारी क्षेत्रेही स्वतः शून्याने भरू नका; एखाद्या नकाशाकाराने तिथे काही ठेवलेले असू शकते.

सर्वाधिक नुकसान मजकुराच्या बाबतीत होते. जुन्या गेममध्ये नकाशाचे नाव, खेळाडूंची नावे आणि संदेश युनिकोडमध्ये नसतात. ज्या भाषेच्या संगणकावर नकाशा झाला त्या भाषेच्या कोड पेजमध्ये, म्हणजे बाइट आणि अक्षरे जुळवणाऱ्या तक्त्यात, असतात. माझ्या एडिटरने सुरुवातीला सगळा मजकूर यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचाच एक प्रकार, समजून वाचला. एका कोरियन नकाशातील सर्व संदेशांच्या जागी प्रश्नचिन्हांसारख्या खुणा आल्या आणि सेव्ह करताच त्या कायमच्या झाल्या. नकाशाकाराकडे दुसरी प्रत होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी मजकूर मूळ बाइटांच्या रूपातच साठवतो, फक्त पडद्यावर दाखवताना त्याचे अक्षरांत रूपांतर करतो आणि वापरकर्त्याने एखादा मजकूर खरोखर बदलला तरच तेवढा मजकूर नव्याने लिहितो.

काही नकाशाकार आपला नकाशा इतरांना संपादित करता येऊ नये म्हणून मुद्दाम बंद करून ठेवतात. असा नकाशा उघडला जात नसेल तर तसे सांगा. तो बंद तोडण्याची सोय देऊ नका. नकाशाकारांचा विश्वास एकदा गेला की एडिटर कितीही चांगला असला तरी त्याला कोणी हात लावत नाही.

५. मेमरीतील रचना आणि अनडू

भूभागासाठी एकच सलग ॲरे पुरेसा असतो. घराचा क्रमांक म्हणजे ओळ गुणिले रुंदी अधिक स्तंभ. युनिट, इमारती, संसाधने आणि घटनांचे नियम स्वतंत्र याद्यांमध्ये ठेवा.

याद्यांमध्ये एक धोका दडलेला आहे. अनेक गेममध्ये घटनांचे नियम एखाद्या जागेचा किंवा संदेशाचा उल्लेख यादीतील क्रमांकाने करतात. वापरकर्त्याने पाचवी जागा पुसली आणि तुमच्या कोडने सहावीला पाचवी केले, तर तिच्यावर अवलंबून असलेले सगळे नियम गुपचूप चुकीच्या जागेकडे बोट दाखवू लागतात. पुसलेली जागा रिकामी ठेवा, पुढचे क्रमांक हलवू नका आणि पुसण्यापूर्वी ती कोणत्या नियमांत वापरली आहे ते दाखवा.

अनडू, म्हणजे केलेली कृती मागे घेण्याची सोय, पहिल्या दिवसापासून असावा. नंतर जोडायचा म्हटले तर प्रत्येक बदलाचा कोड पुन्हा लिहावा लागतो. प्रत्येक कृतीसोबत बदललेल्या घरांची जुनी आणि नवी मूल्ये साठवणे ही नेहमीची पद्धत आहे. तथापि २५६ × २५६ घरांना प्रत्येकी दोन बाइट धरले, तर संपूर्ण भूभागाची प्रत केवळ १२८ केबीची होते. अशा शंभर प्रती १३ एमबीच्या आत बसतात. नवख्याने लहान नकाशांच्या गेमसाठी सरळ पूर्ण प्रतच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे; तिच्यात चुकायला जागा कमी असते. माउसचे बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतचा संपूर्ण फटकारा म्हणजे एक अनडू, एवढे मात्र सांभाळा.

६. नकाशा पडद्यावर आणा

संपूर्ण नकाशाचे एकच मोठे चित्र तयार करण्याचा मोह टाळा. २५६ × २५६ घरे आणि प्रत्येक घर ३२ पिक्सेलचे असेल तर चित्र ८१९२ × ८१९२ पिक्सेलचे होते. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर २५६ एमबी. त्याऐवजी नकाशाचे १६ × १६ घरांचे तुकडे करा, पडद्यावर दिसतात तेवढेच काढा आणि ज्या तुकड्यात बदल झाला तेवढाच पुन्हा रंगवा.

झूम केल्यावर घरांच्या सीमांवर बारीक रेषा दिसू लागल्या, तर सगळी चित्रे एकत्र ठेवलेल्या पत्रकात शेजारच्या चित्राचा रंग झिरपत आहे असे समजा. प्रत्येक चित्राभोवती त्याच्याच कडेच्या रंगाची एक पिक्सेलची किनार दिली की त्या रेषा जातात. तिरप्या किंवा षटकोनी नकाशांत माउस नेमका कोणत्या घरावर आहे हे शोधणारे सूत्र वेगळे लिहा आणि घरांच्या कोपऱ्यांवर टिचकी मारून ते तपासा, कारण मध्यभागी चुकीचे सूत्रही बरोबर उत्तर देते.

७. ब्रश आणि आपोआप जुळणारे काठ

माउस वेगाने फिरवला की दोन नोंदींमध्ये कित्येक घरे सुटतात आणि नदी तुटक उमटते. मागील आणि आताच्या जागेमध्ये रेषा आखून मधली सगळी घरे भरा. त्यासाठी ब्रेझनहॅमची रेषेची पद्धत आजही पुरेशी आहे.

गवत आणि पाणी यांच्यामधील किनारा आपोआप निवडण्यासाठी शेजारच्या घरांकडे पाहावे लागते. चार शेजारी धरले तर १६ शक्यता होतात. आठ धरले तर २५६ होतात. पण कोपऱ्याचा शेजारी त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी जुळत असतील तेव्हाच मोजायचा, असा नियम लावला की ४७ वेगळी चित्रे पुरतात. तुमच्या गेमच्या चित्रसंचात यांपैकी नेमकी कोणती आहेत ते आधी मांडून घ्या.

काठ जुळवण्याचे काम फक्त ब्रश फिरलेल्या घरांवर आणि त्यांच्या लगतच्या एका वलयावर चालवा. नकाशा उघडताच सर्व काठ ‘दुरुस्त’ करणारा एडिटर नकाशाकाराने हाताने बसवलेली प्रत्येक वेगळी टाइल, म्हणजे एका घराचे चित्र, पुसून टाकतो. याचबरोबर काठ न जुळवता हवी ती टाइल हव्या त्या घरात ठेवण्याची सोयही द्या. अनुभवी नकाशाकार अधिकृत एडिटर सोडून चाहत्यांच्या एडिटरकडे येतात, ते बहुतांशी याच मोकळीकीसाठी.

८. समरूप नकाशे

स्पर्धात्मक खेळासाठी नकाशाच्या दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात. एका अर्ध्यात रेखाटले की दुसऱ्या अर्ध्यात आपोआप उमटावे, ही सोय नकाशाकारांना फार हवी असते आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात.

१२८ घरे रुंद नकाशा घ्या. घरे ० ते १२७ अशी मोजली जातात, म्हणून आरशात १० क्रमांकाचे घर १२७ वजा १०, म्हणजे ११७ वर जाते. आता चार घरे रुंद इमारत घ्या, जिचे डावे घर १० आहे. ती १० ते १३ व्यापते, म्हणजे आरशात तिने ११४ ते ११७ व्यापायला हवे. तिचे डावे घर ११४, म्हणजे १२८ वजा ४ वजा १० असते. एका घराचे सूत्र तसेच लावले तर ती ११७ पासून सुरू होते आणि तीन घरे सरकते. जागा पिक्सेलमध्ये, मध्यबिंदूने साठवणाऱ्या गेममध्ये सूत्र आणखी वेगळे होते: घर ३२ पिक्सेलचे असेल तर एकूण रुंदी ४०९६ वजा मध्यबिंदू, आणि इथे एक वजा करायचा नाही.

माझ्याकडून नेमका तोच एक जास्तीचा वजा झाला होता. परिणामी दुसऱ्या खेळाडूची संसाधने एका पिक्सेलने सरकली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण त्या गेमच्या नियमाप्रमाणे ती शेजारच्या घरात मोजली गेली आणि कामगारांचा फेरा लांबला. एका खेळाडूने दोन्ही बाजूंची कमाई घड्याळ लावून मोजली, तेव्हा हे उघडकीस आले. म्हणून आरशाची क्रिया दोनदा केली की प्रत्येक वस्तू मूळ जागी परत येते का, आणि पहिल्या प्रतिमेतील अंतरे मूळ अंतरांइतकीच आहेत का, या दोन्ही चाचण्या लिहा. पहिली एकटी पुरत नाही, कारण दोनदा केलेली तीच चूक स्वतःला रद्द करते.

चित्रांची अडचण वेगळी आहे. ‘हीरोज ३’सारख्या गेममध्ये घराचे चित्र उलटे करण्याची खूण फाइलमध्येच असते. पण अनेक गेमच्या चित्रसंचात कड्यांचे आणि उतारांचे आरशातील रूप उपलब्धच नसते. अशा ठिकाणी खोटे जुळवून देऊ नका. ती घरे वेगळ्या रंगाने दाखवा आणि हाताने पूर्ण करू द्या. नव्वद अंशांत फिरवण्याची सोय फक्त चौरस नकाशालाच द्या.

९. सेव्ह करण्यापूर्वीची तपासणी

चुका आणि सूचना वेगळ्या ठेवा. खेळाडूच्या आरंभाची जागाच नसणे ही चूक. एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जमिनीवरून पोहोचता न येणे ही केवळ सूचना, कारण बेटांचा नकाशा मुद्दाम तसाच असतो. वाट तपासताना गेम चालण्याची जागा किती बारीक मोजतो ते पाहा. स्टारक्राफ्टमध्ये प्रत्येक घराचे ४ × ४ असे १६ बारीक भाग असतात आणि चालता येते की नाही हे त्या भागांवर ठरते. प्रत्येक सूचनेवर टिचकी मारताच नकाशाची ती जागा समोर यावी. आणि कोणतीही सूचना न विचारता आपोआप दुरुस्त करू नका.

१०. सुरक्षित सेव्ह आणि पहिले प्रकाशन

मूळ फाइलवर थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ती फाइल स्वतःच पुन्हा वाचून पाहा, जुन्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच नाव बदला. मधेच वीज गेली तरी दोहोंपैकी एक फाइल शाबूत राहते.

पहिली आवृत्ती थोड्या, पण रोज नकाशे करणाऱ्या लोकांना द्या. एडिटर काय करू शकत नाही हे मदत-पानाच्या वरच्या भागात लिहा आणि कोडला परवाना जोडा, म्हणजे तुम्ही थांबलात तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येईल. तक्रार आली की वर्णनासोबत तीन गोष्टी मागा: उघडण्यापूर्वीचा नकाशा, सेव्ह केल्यानंतरचा नकाशा आणि एडिटरची आवृत्ती. दोष सुटल्यावर तो नकाशा, त्याच्या कर्त्याची परवानगी घेऊन, चौथ्या पायरीच्या चाचणीतील नकाशांमध्ये ठेवा आणि पुढची प्रत्येक आवृत्ती त्या सगळ्या नकाशांवरून गेल्याशिवाय बाहेर सोडू नका.